जुनी होडी स्वस्त पडते, हे कोणी सांगितलं?

होडी घ्यायची तर जुनी घ्यावी, नवी बांधायच्या भानगडीत पडू नये, हा सल्ला कोकण किनाऱ्यावर इतका मुरला आहे की त्याचा हिशेब कोणी मागत नाही. बाप देतो, सोसायटीतला अनुभवी माणूस देतो, कर्ज मागायला गेलात तर बँकेतला साहेबही चहा पिता पिता देतो. मालवणकडे तो असा ऐकू येतो: "जुनी घे मरे, समुद्रान तपासलेली आसा ती." त्याच्या पोटात आणखी एक गृहीत असतं. बांधतो तो हौशी, जुनी घेतो तो व्यवहारी. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. किनाऱ्याजवळ जाळी मारून सकाळी परतणाऱ्या, वीस-पंचवीस फुटांच्या होडीवर पोट असलेल्या माणसासाठी जुनी बॉडी घेणं हाच भावनेचा सौदा आहे. समोर तयार होडी दिसते, तिला हात लावता येतो, चार दिवसांत समुद्रात जाऊ असं वाटतं, आणि त्या वाटण्याचे पैसे मोजले जातात.

सहा सिलेंडरच्या ट्रॉलरबद्दल किंवा पर्ससीन नौकांबद्दल मी बोलत नाही. तिथे लाकूड आणि लोखंड यांपेक्षा परवान्याला मोल असतं, आणि ५ फेब्रुवारी २०१६ च्या अधिसूचनेने पर्ससीन मासेमारी आवळल्यापासून तर फारच. तो बाजार निराळा. आपला विषय बाप-लेक किंवा दोघे भाऊ मिळून चालवतात त्या छोट्या होडीचा.

आधी तुलना नीट मांडू. जुन्या होडीचा भाव विकणारा नेहमी एकरकमी सांगतो, "इंजिन-जाळ्यांसकट एवढे." घेणारा तो आकडा मनात धरतो, मग नवी बॉडी, नवं इंजिन आणि नवी जाळी यांची बेरीज करतो, आणि दोन आकड्यांतल्या फरकाला बचत म्हणतो. पण नवी बॉडी बांधणाऱ्याने इंजिनही कोरंच घ्यावं अशी सक्ती कोणी केली आहे? बेरीज फोडली की खरा प्रश्न पुढे येतो: या तीन वस्तूंपैकी जुनी घेण्याजोगी कोणती?

आउटबोर्ड इंजिन क्लॅम्प सैल करून, बोल्ट काढून उतरवलं की खांद्यावर येतं. ते मेकॅनिककडे नेता येतं. पिंपातल्या पाण्यात बुडवून अर्धा तास चालवता येतं. थंडाव्याच्या पाण्याची धार जोमदार येते की थेंब थेंब, हे डोळ्यांना दिसतं. प्लग काढून कॉम्प्रेशन मोजता येतं. गिअरचं तेल थोडं सोडून पाहिलं आणि ते दुधाळ निघालं, तर सील गेलंय आणि आत पाणी शिरतंय, हे गॅरेजमधला पोरगाही सांगतो. त्यातूनही काही निघालंच, तर बिघडलेला भाग बदलता येतो. जाळ्याचं त्याहून सोपं. उन्हात उघडं टाकलेलं नायलॉन ठिसूळ होतं. दहा ठिकाणी आस धरून ओढली की कळतं. इंजिन आणि जाळी जुनी घ्या, त्यात शहाणपण आहे. त्यांचं पोट उघडून पाहता येतं.

बॉडीचं पोट उघडता येत नाही. आणि नेमकी तीच वस्तू आपले लोक डोळे मिटून जुनी घेतात.

किनाऱ्यावरच्या जुन्या होड्यांत एक जात अशी आहे की तिच्यापासून चार हात लांब राहावं: मूळची लाकडी, आणि म्हातारपणी अंगावर फायबर चढवलेली. फळ्यांच्या सांध्यांत ठासलेली कापसाची वात धरेनाशी झाली, दर भरतीला तळात पाणी साचू लागलं, की मालक बाहेरून मॅट आणि रेझिनचे दोन-तीन थर मारून घेतो. वर निळा-हिरवा रंग, नाळेवर देवाचं नाव ताज्या अक्षरांत. होडी गळायची खरोखर थांबते. पण आता आतलं पाणीही बाहेर जात नाही. जाळ्यातून निथळलेलं, लाटेबरोबर आत आलेलं, पावसाचं पाणी फळ्यांत मुरतं आणि फायबरच्या पाठीशी जाऊन बसतं. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं; फायबर तसं हलत नाही. दोघांची पकड हळूहळू सुटते आणि त्या फटीत लाकूड वर्षभर दमट राहून कुजतं.

हे ओळखायला सर्व्हेयर लागत नाही. लाकडी मुठीचा हातोडा उलटा धरून नाळेपासून मागे हळूहळू ठोकत या. फळी आणि फायबर एकजीव आहेत तिथे आवाज टणक येतो. सुटलेत तिथे बद्द. विकणारा म्हणेल, आत पाट आहे म्हणून असा वाजतो. पाट उचलायला सांगा. आतल्या बरगड्या जिथे फळीला टेकतात तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. चांगल्या सागाला ते खरवडतं, कुजलेल्या लाकडात ते शिरतं. खिळ्यांभोवती गंजाचे तपकिरी ओघळ असतील, तर खिळा आत किती उरलाय हे खिळाच जाणे. एवढं करायला निघालात की बहुतेक सौदे तिथेच मोडतात, कारण विकणाऱ्याला अचानक दुसरीकडे जायचं असतं.

निव्वळ फायबरची होडी यापेक्षा बरी, पण तिचंही दुखणं आतलं. इंजिन टांगायची मागची फळी ही बऱ्याच छोट्या फायबर होड्यांत प्लायवूडवर फायबर गुंडाळून केलेली असते. इंजिनाचे बोल्ट तिच्यातून आरपार जातात. बोल्टाच्या भोकात सीलंट नीट भरलं नसेल, तर तिथून खारं पाणी प्लायला लागतं आणि दोन-चार हंगामांत आतला प्लाय भुसभुशीत होतो. बाहेरून फायबर शाबूत, रंग शाबूत. आणि इथेच जुनी होडी घेणाऱ्याचा सगळ्यांत आवडता उद्योग घडतो. बॉडीत पैसे वाचले म्हणून तो त्याच फळीवर कोरं इंजिन टांगतो, बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा जास्त ताकदीचं. त्या इंजिनाचा सगळा रेटा त्या एका फळीवर. पहिल्या महिन्यात कोपऱ्यात बारीक तडे, दुसऱ्या महिन्यात बोल्ट सैल, आणि मग फायबरवाल्याकडे फेरी. वाचवलेले पैसे त्या फेऱ्यांत जातात, हंगामातले दिवस जातात ते वेगळे. कोरी बॉडी आणि तपासून घेतलेलं जुनं इंजिन ही जोडी कोणी का सुचवत नाही, याचं मला कायम नवल वाटत आलं आहे.

"समुद्राने तपासलेली" या प्रमाणपत्राबद्दल दोन प्रश्न विचारावेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात शिरलं, तेव्हा ही होडी कुठे होती? मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून वर गेलं, तेव्हा कुठे होती? वादळात दगडावर आपटलेल्या, दुसऱ्या होडीखाली दबलेल्या होड्या पुन्हा जोडल्या गेल्या, रंगवल्या गेल्या. जोडलेली होडी वाईटच असते असं नाही. पण कुठे जोडली हे मालकाला ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकाला नसतं, आणि भाव त्या अज्ञानावर ठरतो. समुद्राने तपासलं हे खरंच; त्या तपासणीचा निकाल मात्र विकणाऱ्याच्या खिशात राहतो.

विकायला कधी काढली हेही पाहावं. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी होडी वर ओढायची, उलटी करायची, खालून खरवडायची, दुरुस्तीचा अंदाज घ्यायचा आणि शाकारून ठेवायची, हा वर्षाचा क्रम. म्हणजे मे अखेरीस प्रत्येक मालकाने आपल्या होडीचं पोट पाहिलेलं असतं. नेमक्या त्याच सुमारास "विकणे आहे" चे नंबर होड्यांवर उमटतात. मुलगा मुंबईला नोकरीला लागला, घरातला तांडेल गेला, तारकर्लीत पर्यटकांना फिरवण्यात जास्त सुटतात, अशी खरी कारणंही असतात. पण ज्याने पोट पाहिलं आहे तो, न पाहिलेल्याला, दुरुस्तीच्या खर्चाच्या तोंडावर वस्तू विकतोय, एवढं तरी ध्यानात असू द्यावं. आणि घेणारा घेतो कधी? नारळी पौर्णिमा पंधरा दिवसांवर आली की. ज्याला घाई आहे त्याला कोणी हातोडा घेऊन होडीभोवती फिरू देत नाही.

आता होडी आणि पाणी यांच्या नात्याबद्दल, कारण जुन्या होडीचे पुरस्कर्ते ते हिशेबात धरतच नाहीत. देवबागला किंवा निवतीला होडी वाळूवरून लाटेत ढकलायची असते आणि परत आल्यावर भरतीच्या रेषेच्या वर ओढायची असते. तिथे वजन हाच पहिला विचार. नाळ उंच हवी, लाट अंगावर न घेता वर चढणारी. सिंधुदुर्गात आणि गोव्यात होडीला बाजूने उलांडी बांधतात ती याच पाण्यासाठी: हलक्या लाकडाचा, बहुधा पांगाऱ्याचा ओंडका दोन आडव्या दांड्यांवर, अरुंद होडी कलंडू नये म्हणून. जुन्या पद्धतीच्या होड्यांत वरच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. आपटली तर लवायची, दोरी झिजली तर पुन्हा शिवायची. याउलट रायगडातल्या खाडीत होडी बाराही महिने पाण्यात असते, ओहोटीला चिखलात बसते. तिला कोणी ओढत नाही, म्हणून ती जड असली तरी चालतं, उलट जडच बरी. तिचा तळ चिखलात सरळ बसण्यासाठी बेतलेला असतो.

आता खाडीतली ती होडी स्वस्तात मिळाली म्हणून टेम्पोत घालून सिंधुदुर्गाच्या वाळूवर आणली तर काय होतं? पहिल्याच दिवशी तिला वर ओढायला शेजारचे आठ जण बोलवावे लागतात. दुसऱ्या आठवड्यात सहाच येतात. मग ती पाण्यातच नांगरून ठेवायची सवय लागते, आणि वळीव वाऱ्याच्या पहिल्या रात्री जे व्हायचं ते होतं. रापणीच्या जुन्या होड्यांचीही हीच गत. लांबलचक जाळं आणि वल्हेकरी सामावतील एवढी ऐसपैस होडी. रापण संघ मोडला, होडी विकायला निघाली, आणि दोन माणसांच्या गिलनेटवाल्याने ती घेतली. त्याला हवी तिच्या निम्मी जागा. उरलेलं अर्धं वजन तो रोज समुद्रात नेतो आणि आणतो, पेट्रोल त्याच्या खिशातून.

होडी बांधून घेतली की हे सगळं आधी ठरतं. किती माणसं, कुठली जाळी, वाळू की चिखल, इंजिन किती वजनाचं. सुतार किंवा फायबरवाला हे प्रश्न विचारतोच, आणि जो विचारत नाही त्याच्याकडून बांधू नये.

बांधणं म्हणजे स्वतः रंधा हातात घेणं, असा अर्थ मी काढत नाही. तसं करणारे हौशी असतील तर त्यांना शुभेच्छा. मी म्हणतोय ते आपल्या नजरेसमोर बांधून घेण्याबद्दल. यावरची तक्रार ठरलेली: कारागीर फसवतो, तारखा पाळत नाही, आज रेझिन संपलं, उद्या मुलाचं लग्न. तारखा पाळत नाही हे मान्य. म्हणून काम जुलैत सांगायचं नसतं, दिवाळीनंतर सांगायचं असतं. फायबरच्या कामाला कोरडी हवा लागते. पावसाळी दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, मॅटमध्ये ओल राहिली तर पुढे फोड येतात. माघ-फाल्गुनात बॉडी निघाली तर वैशाखापर्यंत फिटिंग होतं आणि रंगही वाळतो. पैसे टप्प्याने द्यायचे: साहित्य आलं की काही, बॉडी साच्यातून निघाली की काही, पाण्यात तरंगवून झाली की उरलेले.

फसवण्याचं म्हणाल, तर नव्या बॉडीत फसवणूक लपवणं जुनीपेक्षा कितीतरी अवघड आहे, फक्त तिथे हजर राहावं लागतं. साच्यात आधी जेलकोट बसतो, मग मॅटचे थर. थर मोजता येतात. मागच्या फळीत प्लाय कुठला घातला, त्याच्या कडा रेझिनने बंद केल्या का, हे ती फळी झाकण्याआधी पाहता येतं. एक युक्ती सांगतो. तळाचं पाणी काढायच्या बुचासाठी बॉडीला गोल भोक पाडतात, त्यातून निघालेली चकती कारागीर फेकून देतो. ती मागून घ्या. तिच्या कडेवर थर स्पष्ट दिसतात, जाडी पट्टीने मोजता येते, मध्ये हवेचे बुडबुडे राहिले असतील तर ते दिसतात. तुमच्या होडीच्या तळाचा तो तुकडा आहे. जुन्या होडीचा मालक असा तुकडा कधी देईल का?

"कारागीर उरलेच कुठे?" हा त्याच तक्रारीचा दुसरा अवतार, आणि तो विचारणारे स्वतःच कारागिराला काम देत नाहीत. हुन्नर संपलेलं नाही. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' ही दोरीने शिवलेल्या फळ्यांची शिडाची नौका केरळच्या कारागिरांच्या हातची, आणि तिचं काम झालं गोव्यात. दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१० मध्ये परतले, ती गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली. या मोठ्या गोष्टी झाल्या. छोट्या होडीसाठी कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या स्वस्त लाकडावर कीड-बुरशीविरोधी प्रक्रिया करून, त्यावर फायबर चढवून होड्या करून दाखवल्या आहेत. इथे फरक ध्यानात घ्या: कोरड्या, प्रक्रिया केलेल्या नव्या लाकडावर चढवलेलं फायबर आणि कुजू लागलेल्या फळीवर ओढलेलं पांघरूण, या दोन निराळ्या वस्तू आहेत. साग महाग झाला म्हणून बांधणंच सोडायचं, याला अर्थ नाही.

जुन्या होडीच्या बाजूने एकच मुद्दा वजनदार आहे, आणि तो कागदांचा. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवादी मासेमारी नौकेतून आले, त्यानंतर नोंदणी, क्रमांक, ओळखपत्रं यांची तपासणी कडक झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. नव्या होडीला खात्याची परवानगी, मोजमाप, नोंदणी, मासेमारी परवाना हे सगळं नव्याने करावं लागतं. जुनीला नंबर तयार असतो. ठीक. पण तो नंबर कुणाच्या नावावर आहे? तुमच्या नावावर व्हायला त्याच कचेरीत जावं लागतं. नोंदणीत इंजिनाचा क्रमांक असतो, आणि मधल्या काळात मालकाने इंजिन बदललेलं असलं, तर कागद एका होडीचे आणि वस्तू दुसरीच. सोसायटीची बाकी, बँकेचा बोजा, भावाभावांत न झालेली वाटणी, हे सगळं होडीबरोबर येतं, आणि ते हातोड्याने ठोकून कळत नाही. नव्या होडीचे कागद करायला वेळ लागतो, पण त्यात दुसऱ्याचं काही दडलेलं नसतं. परवानगी हातात आल्याशिवाय मात्र फळीला करवत लावू नये. "बांधू, मग बघू" म्हणणाऱ्यांच्या होड्या अंगणात पडून राहतात.

अनुदानाचं थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत लाभार्थ्याला सर्वसाधारणपणे खर्चाच्या ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के मदतीची तरतूद आहे, आणि पारंपरिक मच्छीमारासाठी ती नव्या होडीला आहे. किनाऱ्यावर उपड्या पडलेल्या जुन्या होडीला नाही. मिळालं तर घ्यावं. त्याच्या भरवशावर मात्र सुताराला शब्द देऊ नये.

कोणी म्हणतं, आपण जुनी मोटारसायकल घेतोच की. घेतो. ती कणकवलीच्या आधी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला लावून एसटीने घरी येता येतं. वेंगुर्ल्याच्या बंदरापासून चार मैलांवर मागची फळी उकलली, तर तिथे एसटी नाही.

एक सौदा मात्र मी मोडणार नाही. होडी आपल्याच वाडीतली असेल, दरवर्षी तुम्हीच तिला ओढायला हात लावला असेल, ती कोणी बांधली, कुठल्या वर्षी कुठली फळी बदलली हे तुमच्या डोळ्यांसमोर घडलं असेल, तर खुशाल घ्या. तिचं पोट तुम्ही मालकाइतकंच पाहिलं आहे. पण असे सौदे किनाऱ्यावर होड्यांच्या गर्दीत नंबर वाचून होत नाहीत. ते ओटीवर बसून होतात, आणि त्यांना सल्ल्याची गरज नसते.

राहिला तो, जो म्हणतो की हे सगळं बरोबर, पण माझ्याजवळ तेवढे पैसेच नाहीत. त्याला फसव्या स्वस्ताईत ढकलणं हा तर सगळ्यांत वाईट सल्ला, कारण एका वाया गेलेल्या हंगामाचं कर्ज फेडायला त्यालाच सगळ्यांत जास्त वर्षं लागतात. त्याने लहान होडी बांधावी. पंचवीस फुटी जुनीच्या पैशांत सतरा-अठरा फुटी नवी बॉडी बसते का, हे दोन कारागिरांकडे जाऊन विचारावं. दोन माणसं, थोडी जाळी, किनाऱ्यालगतचं काम, याला ती पुरते. ओढायला हलकी, इंजिन लहान चालतं, पेट्रोल कमी. आणि मे महिन्यात जी जुनी होडी पाहून जीव अडकला होता, तिच्या मालकाला फोन करून विचारावं, इंजिन सुटं देणार का. मागची फळी गेलेल्या होडीचा मालक बहुतेक वेळा देतो.